घरच्या सर्व्हरवर अपॉइंटमेंट बुकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं काय असतं?

तुम्ही एक लिंक देता. समोरचा ती उघडतो, तुमच्या मोकळ्या वेळा बघतो आणि एक निवडतो. दोघांच्या कॅलेंडरमध्ये नोंद पडते, दोघांना मेल जाते. "मंगळवारी जमेल का? नाही, बुधवारी? मग चारला?" ही मेलामेली वाचते. कॅलेंडलीसारख्या सेवा हेच करतात. इथे फरक एवढाच, की सॉफ्टवेअर ओपन सोर्स आणि मशीन तुमच्या घरात.

आधीच एक सांगून ठेवतो. सॉफ्टवेअर चालू करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. डॉकर (इमेज नावाचं तयार पॅकेज घेऊन ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) येत असेल तर एका संध्याकाळचं काम. खरी डोकेदुखी कडेकडेच्या गोष्टींची: मेल पोचणं, कॅलेंडर जोडलेलं राहणं, टाइमझोन आणि बाहेरच्या जगाला तुमचं घर सापडणं. म्हणून खालची बहुतेक उत्तरं सॉफ्टवेअरबद्दल नसून त्याच्या आजूबाजूबद्दल आहेत.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली, कॅलेंडर वगैरे ठेवणारं सॉफ्टवेअर) आधीच चालवत असाल तर पुढे शोधूच नका. त्याच्या कॅलेंडर ॲपमध्ये अपॉइंटमेंटची सोय आहे. सार्वजनिक लिंक बनते, समोरचा वेळ निवडतो, त्याला मेलवर पुष्टीची लिंक जाते आणि त्याने ती दाबली की बुकिंग पक्कं. दिसायला साधं आहे, पण वेगळा डेटाबेस नाही, वेगळं लॉगिन नाही, वेगळा बॅकअप नाही.

नेक्स्टक्लाउड नसेल आणि तुम्ही एकटे किंवा दोघे-तिघे सल्ला, शिकवणी, तपासणी अशा ठरावीक वेळा देत असाल, तर ईझी अपॉइंटमेंट्स बघा. पीएचपी आणि मायएसक्यूएल, म्हणजे जुन्या मशीनवरही निवांत चालतं. सेवा, सेवा देणारा आणि ग्राहक अशी त्याची सरळ मांडणी आहे.

कॅल डॉट कॉम हा यातला सगळ्यात मोठा आणि देखणा पर्याय. २०२१ मध्ये तो कॅलेंडसो या नावाने सुरू झाला होता. सेटिंगमधल्या एका किल्लीच्या नावात ते जुनं नाव अजून दिसतं. संघात फिरत्या पाळीने बुकिंग वाटणं, वेगवेगळ्या लांबीच्या भेटी, ढीगभर इंटिग्रेशन्स, सगळं आहे. पण तो नेक्स्ट जेएस (जावास्क्रिप्टचा सांगाडा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर उभा आहे, मेमरी बरीच खातो, आणि त्यात मुक्त परवान्याचा भाग वेगळा, व्यावसायिक परवान्याचा वेगळा अशी विभागणी राहिली आहे. जी आवृत्ती उतरवाल तिच्यातली परवान्याची फाइल वाचूनच पुढे जा. एकट्या माणसाला तो बहुधा गरजेपेक्षा जास्त होतो, असं माझं मत.

दहा जणांना मिळून एक दिवस ठरवायचा असेल तर ते वेगळं काम आहे. त्याला मतदानाचं साधन लागतं: रॅली (इंग्रजी नावात तीन एल आहेत, शोधताना लक्षात ठेवा), फ्रामाडेट किंवा नेक्स्टक्लाउडचं पोल्स.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चालेल का?

४ जीबीचा पाय ४ ईझी अपॉइंटमेंट्सला पुरून उरतो. दोन गोष्टी सांभाळा. डेटाबेस एसडी कार्डवर ठेवू नका. सतत लिहिलं गेल्यामुळे कार्डं लवकर झिजतात. यूएसबीवर एसएसडी लावा. दुसरं, निवडलेली डॉकर इमेज एआरएम ६४ साठी (पायच्या प्रोसेसरच्या प्रकारासाठी) आहे का ते आधी बघा. नेक्स्ट जेएसचा प्रकल्प पायवर स्वतः बिल्ड करायला गेलात तर मेमरी संपून प्रक्रिया मध्येच मरते आणि पडद्यावर कारणही धड दिसत नाही. बिल्ड दुसऱ्या मशीनवर करा किंवा तयार इमेज घ्या.

खरं तर घरात पडलेला जुना लॅपटॉप यापेक्षा बरा. बॅटरी असल्यामुळे वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरतो.

पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेली विनंती सर्व्हरकडे पाठवायला राउटरला सांगितलं), तरी बाहेरून काहीच उघडत नाही.

राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. मग "माझा आयपी काय" असं सांगणारी कोणतीही साइट उघडा. दोन आकडे वेगळे असतील, आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एक सार्वजनिक पत्ता तुमची इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांत वाटून वापरते आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही, कारण अडसर तुमच्या राउटरच्या पलीकडे आहे.

मार्ग तीन. कंपनीकडून सार्वजनिक आयपी मागा. बऱ्याच देतात, कधी वेगळे पैसे घेऊन. आयपीव्ही ६ मिळत असेल तर तो वापरा, पण ज्यांच्याकडे फक्त आयपीव्ही ४ आहे त्यांना तुमचं पान दिसणार नाही. नाहीतर टनेल, म्हणजे तुमच्या सर्व्हरने बाहेरच्या एका सर्व्हरशी जोडून ठेवलेला मार्ग.

टनेल वापरला तर "स्वतःचं" काय उरलं?

टीएलएस (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं एनक्रिप्शन) कुठे उलगडतं यावर ते ठरतं. क्लाउडफ्लेअर टनेलमध्ये एनक्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर सुटतं आणि तिथून पुढे तुमच्याकडे येतं. म्हणजे ग्राहकाने भरलेलं नाव, फोन, भेटीचं कारण त्यांच्या यंत्रणेतून उघड्या रूपात जातं. टेलस्केलच्या फनेलमध्ये ते तुमच्याच मशीनवर सुटतं, पण स्वतःचं डोमेन वापरता येत नाही, त्यांच्या पत्त्यावरच राहावं लागतं. तिसरा उपाय म्हणजे एक छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन त्याच्यापासून घरापर्यंत वायरगार्ड हे व्हीपीएन टाकायचं, आणि व्हीपीएसवर काहीही न उलगडता पाकिटं नुसती पुढे ढकलायची. कष्ट जास्त, पण डोमेनही तुमचं आणि डेटाही.

साध्या गप्पांच्या भेटींसाठी पहिला पर्याय ठीक आहे. समुपदेशन, वैद्यकीय सल्ला, वकिली यांतलं काही असेल तर तिसरा.

बाहेरून लिंक उघडते, पण घरच्या वायफायवरून नाही. उलटं नको का व्हायला?

अनेक राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत वळणं जमत नाही. याला हेअरपिन नॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये मिळालं तर चालू करा. नाहीतर घरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत), म्हणजे पाय-होल वगैरेमध्ये, त्या डोमेनसाठी सर्व्हरचा आतला पत्ता लिहून टाका.

एचटीटीपीएस लागतंच का?

लागतंच. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि ९० दिवस टिकतं. पुढे मुदती आणखी आखूड होणार आहेत: उद्योगाने मान्य केलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२९ पासून कोणतंही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. तेव्हा हाताने नूतनीकरण करण्याचा विचारच सोडा. कॅडी हा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची विनंती घेऊन ॲपकडे देणारा सर्व्हर) दोन-तीन ओळींत सगळं आपोआप करतो. पोर्ट ८० उघडता येत नसेल तर डीएनएसमधून पडताळणी करून घ्या.

पान उघडतं, पण लॉगिन केलं की ब्राउझर लोकलहोस्ट ३००० वर जातो.

ॲपला स्वतःचा सार्वजनिक पत्ता माहीत नाही. एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये (ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) वेबॲप यूआरएलच्या जागी तुमचं पूर्ण डोमेन, एचटीटीपीएससकट, लिहा. नेक्स्ट जेएसच्या ॲपमध्ये एक मेख आहे. ज्या व्हेरिएबलच्या नावाची सुरुवात "नेक्स्ट पब्लिक"ने होते, त्याची किंमत बिल्ड होतानाच ब्राउझरकडे जाणाऱ्या फाइलींत कोरली जाते. नंतर फाइल बदलून नुसता कंटेनर रीस्टार्ट केला तर जुना पत्ता तसाच राहू शकतो. इमेज स्वतः बिल्ड केली असेल तर ती पुन्हा बिल्ड करा.

गूगल कॅलेंडर जोडलं. आठवडाभर छान चाललं, मग तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा आठवड्याने तुटलं.

बरोबर ७ दिवसांनी ना? गूगलच्या क्लाउड कन्सोलमध्ये तुमचं ॲप "टेस्टिंग" अवस्थेत आहे. त्या अवस्थेत दिलेला रिफ्रेश टोकन (जोडणी टिकवणारी किल्ली) ७ दिवसांत मरतो. ओऑथच्या (ॲपला खात्याची परवानगी देण्याच्या पद्धतीच्या) संमती पानावर जाऊन ॲप "प्रॉडक्शन"मध्ये टाका. कॅलेंडरची परवानगी संवेदनशील गटात मोडत असल्यामुळे "हे ॲप पडताळलेलं नाही" असा इशारा दिसेल. जोडणारे तुम्ही स्वतःच आहात, तेव्हा तो ओलांडून पुढे जायला हरकत नाही. तुमची लिंक वापरून बुकिंग करणाऱ्यांना हा इशारा कधीच दिसत नाही. त्यांना गूगलमध्ये लॉगिन करावंच लागत नाही.

याच टप्प्यावर दुसरी ठेच लागते ती रीडायरेक्ट पत्त्याची, म्हणजे परवानगीनंतर गूगल ज्या पत्त्यावर परत पाठवतं त्याची. गूगल तिथे नुसता आयपी घेत नाही, डॉट लोकल किंवा डॉट लॅन असलं घरगुती नावही घेत नाही, आणि लोकलहोस्ट सोडून कुठेही एचटीटीपीएसशिवाय चालवून घेत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डोमेन, मग प्रमाणपत्र, मग गूगल. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ कमी-जास्त झाली तरी जुळत नाही, म्हणून हाताने टाइप न करता कॉपी करा.

हे सगळं नको असेल तर कॅलडॅव्ह वापरा. कॅलेंडरं जुळवण्याचं ते २००७ पासूनचं उघडं मानक आहे. नेक्स्टक्लाउड, रॅडिकेल, बायकल हे सगळे ते बोलतात, आणि पत्ता, नाव, पासवर्ड एवढ्यात काम भागतं.

मग नुसती आयसीएस लिंक देऊन भागणार नाही का?

तुमच्या मोकळ्या वेळा ठरवायला नाही. आयसीएस लिंक (कॅलेंडर फाइलच्या रूपात वाचायला देणारी लिंक) एकतर्फी असते, आणि ती किती वेळाने ताजी करायची हे वाचणारा ठरवतो. गूगल कॅलेंडरला दुसऱ्या कॅलेंडरची लिंक दिली तर बदल दिसायला कित्येक तास जाऊ शकतात. तेवढ्यात कोणीतरी तोच स्लॉट घेऊन मोकळा.

मेल स्पॅममध्ये जाते, किंवा जातच नाही.

घरच्या कनेक्शनवरून थेट मेल पाठवायचा हट्ट सोडा. बहुतेक कंपन्या घरगुती ग्राहकांचा पोर्ट २५ बंद ठेवतात. उघडा असला तरी घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या यादीत आधीच असतात. त्यांनी काही वाईट केलं म्हणून नव्हे. घरून मेल सर्व्हर चालणं अपेक्षितच नाही म्हणून. बुकिंग ॲप तुमचं, डेटाबेस तुमचा, पण मेल एखाद्या रिलेमार्फत (तुमच्या वतीने मेल पोचवणाऱ्या सेवेमार्फत) जाऊ द्या. यात कमीपणा काही नाही.

रिले घेतलीत की आपल्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमची आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत. थोड्या मेल पाठवणाऱ्यालाही पडताळणी चुकत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या डोमेनवरचाच ठेवा. डोमेन तुमचं, पण "कडून"मध्ये जीमेलचा पत्ता, अशी खिचडी केलीत की पडताळणी फसते.

आता लॉगमध्ये हमखास दिसणारी एक चूक. "राँग व्हर्जन नंबर" असं काहीतरी एसएसएलबद्दल लिहिलेलं असतं आणि माणूस प्रमाणपत्रं तपासत बसतो. प्रमाणपत्राचा त्यात काही संबंध नसतो. पोर्ट ५८७ वर संभाषण साध्या रूपात सुरू होऊन मग एनक्रिप्ट होतं. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून एनक्रिप्टेड असतं. तुम्ही ५८७ टाकून "सिक्युअर" चालू ठेवलं आहे. एकतर पोर्ट ४६५ करा किंवा ते बटण बंद करा.

जीमेल खात्यातून पाठवायचं असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून वेगळा ॲप पासवर्ड बनवावा लागतो. नेहमीचा पासवर्ड चालत नाही.

तपासताना स्वतःलाच मेल पाठवून समाधान मानू नका. वेगवेगळ्या दोन-तीन मेल सेवांवरच्या पत्त्यांवरून बुकिंग करून बघा. आणि मेलसोबतचं निमंत्रण कॅलेंडरमध्ये "स्वीकारा / नाकारा" असं उघडतं, की नुसती जोडलेली फाइल दिसते, तेही बघा.

बुकिंगची वेळ एका तासाने चुकते. फक्त काही जणांची.

हा सगळ्यात छळणारा प्रश्न, कारण कित्येक महिने काही दिसत नाही.

कारण बहुधा डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर ५ तासांऐवजी ४ तासांचं असतं. शरद ऋतूत हाच घोळ पुन्हा आठवडाभर होतो. ज्याने आपल्या उपलब्धतेत टाइमझोन म्हणून "यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक-उणे अमुक" असा आकडा भरला आहे, त्याची वेळ घड्याळं बदलली की सरकते. म्हणून आकडा नको, नाव निवडा: युरोप/लंडन, अमेरिका/न्यूयॉर्क, आशिया/कोलकाता. नावामागे नियम असतात. आकड्यामागे फक्त आकडा.

दुसरं कारण म्हणजे जुनी इमेज. टाइमझोनचे नियम सरकारं ठरवतात आणि बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतांश भागातून डेलाइट सेव्हिंग काढून टाकलं. त्याआधीची इमेज अजून चालवत असाल तर तिच्या लेखी मेक्सिको सिटीची घड्याळं दर उन्हाळ्यात पुढे जातात. नुसता होस्ट मशीनचा टीझेडडेटा (टाइमझोनच्या नियमांची यादी) अपडेट करून चालत नाही. नोड जेएस स्वतःची प्रत बाळगतं, तेव्हा ॲपची इमेजच नवी हवी.

सर्व्हरचा स्वतःचा टाइमझोन यूटीसी ठेवा आणि एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) चालू आहे याची खात्री करा. घड्याळ मिनिटभर जरी भरकटलं तरी बुकिंगच्या आधी तुमचं स्वतःचं टू-फॅक्टर लॉगिन अडेल. ते कोड ३० सेकंदांचे असतात.

एकाच स्लॉटवर दोघांचं बुकिंग झालं.

तीन जागा तपासा. व्यस्त वेळा पाहण्यासाठी सगळी कॅलेंडरं निवडली आहेत का? लोक ऑफिसचं जोडतात आणि घरचं विसरतात. दुसरं, कॅलेंडरमधली ती नोंद "मोकळा" म्हणून तर लागलेली नाही? दिवसभराच्या नोंदींचं असं होतं: तुम्ही "गावी" असं लिहून ठेवता आणि ॲप त्या दिवशीही वेळा वाटत बसतं. तिसरं, किमान पूर्वसूचना. "आत्तापासून दहा मिनिटांनी" अशी वेळ घेता येत असेल तर चूक ॲपची नाही. चार तास ठेवा, आणि दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडा.

व्हिडिओ कॉलही घरूनच चालवू का?

चालवता येतो, पण तो वेगळा प्रकल्प समजा. जित्सीला (व्हिडिओ कॉलच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरला) यूडीपी पोर्ट १०००० उघडा लागतो, आणि दोनपेक्षा जास्त माणसं आली की सगळ्यांचं चित्र तुमच्या अपलोडमधून जातं. जित्सीच्या सार्वजनिक सर्व्हरवर ऑगस्ट २०२३ पासून खोली सुरू करणाऱ्याला लॉगिन करावं लागतं. तेवढं करून तोच वापरा.

फायरवॉलमध्ये पोर्ट बंद आहे. मग तो बाहेरून कसा दिसतो?

डॉकरमुळे. कंटेनरचा पोर्ट प्रकाशित केला की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत) थेट आपले नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूला (तुम्ही वापरता त्या फायरवॉल साधनाला) त्याचा पत्ताही लागत नाही. यूएफडब्ल्यू मात्र ठामपणे सांगत राहतो, की सगळं बंद आहे. कंपोझ फाइलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये) पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून, रिव्हर्स प्रॉक्सीमार्फत पोचेल. डेटाबेसचा पोर्ट तर प्रकाशितच करू नका; ॲप आणि डेटाबेस डॉकरच्या आतल्या नेटवर्कवर एकमेकांना नावाने सापडतात.

शिवाय खातं उघडून झालं की नव्या नोंदणीची सोय बंद करा. हे हटकून राहून जातं.

बॅकअप कशाकशाचा?

चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. ती प्रत अर्धवट असू शकते. पोस्टग्रेस असेल तर पीजी डंप, मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएल डंप (दोन्ही डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारी साधनं), रोज रात्री, आणि प्रत दुसऱ्या जागी.

एन्व्हायर्नमेंट फाइल मात्र हमखास विसरली जाते. कॅल डॉट कॉमसारख्या ॲपमध्ये जोडलेल्या कॅलेंडरांची टोकनं एका किल्लीने एनक्रिप्ट करून डेटाबेसमध्ये ठेवलेली असतात, आणि ती किल्ली त्या फाइलमध्ये असते. डेटाबेस परत आला आणि किल्ली हरवली, तर सगळी कॅलेंडरं नव्याने जोडावी लागतात. ही फाइल पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, डंपच्या शेजारी नको.

अपडेट केलं आणि डेटाबेस उठेना.

इमेजच्या नावापुढे "लेटेस्ट" लिहिलं होतं का? पोस्टग्रेसची एक मोठी आवृत्ती दुसरीच्या डेटा फोल्डरवर चालत नाही. शिवाय आवृत्ती १८ च्या अधिकृत इमेजने डेटा ठेवायची जागाही बदलली. जुना आकडा परत लिहा, डेटाबेस उठेल. मग डंप घ्या, नव्या आवृत्तीचा रिकामा डेटाबेस उभा करा आणि डंप त्यात ओता. यापुढे आकडा पक्का लिहायचा. ॲपचाही.

वीज किंवा इंटरनेट गेलं तर ठरलेल्या भेटींचं काय?

ठरलेल्या भेटी तशाच राहतात. त्या दोघांच्या कॅलेंडरमध्ये उतरलेल्या असतात. तिथे तुमच्या सर्व्हरची गरज नाही. बंद पडतं ते नवं बुकिंग, ॲपकडून जाणाऱ्या आठवणीच्या मेल, आणि जुन्या मेलमधली "रद्द करा / वेळ बदला" ही लिंक. शेवटची जास्त टोचते, कारण रद्द करता न आल्यामुळे समोरचा माणूस न सांगता गैरहजर राहतो. पुष्टीच्या मेलमध्ये "लिंक चालली नाही तर या मेलला उत्तर द्या" अशी एक ओळ घाला, आणि ते उत्तर खरोखर तुमच्या इनबॉक्समध्ये येतं ना ते पाहा.

सर्व्हर बंद पडल्याची सूचना देणारं साधन त्याच सर्व्हरवर बसवू नका. उघड आहे, तरी अपटाइम कुमा नेमकं तिथेच बसवलेलं असतं.

परवान्यामुळे काही बांधून घेतो का?

जसंच्या तसं चालवत असाल तर नाही. एजीपीएल हा मुक्त परवाना असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते नेटवर्कवरून इतरांना वापरायला दिलं, तर वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स मिळण्याची सोय ठेवावी लागते. लोगो बदलणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पुढे बंद करायचं झालं तर?

म्हणूनच लिंक स्वतःच्या डोमेनवर हवी. मेलच्या सहीत आणि छापलेल्या कार्डावर तोच पत्ता राहतो. मागे दुसरी कोणतीही सेवा लावून तो तिकडे वळवता येतो. आधी नवी बुकिंग थांबवा, शेवटची ठरलेली भेट होईपर्यंत सर्व्हर चालू ठेवा म्हणजे रद्द करण्याच्या लिंक जिवंत राहतील. मग गूगल खात्याच्या सुरक्षा पानावरून ॲपची परवानगी काढून घ्या, रिलेचा पासवर्ड रद्द करा, आणि बॅकअपच्या प्रती पुसा. त्यात लोकांची नावं आणि फोन नंबर आहेत.